जगाच्या नकाशाखाली प्रक्षेपणाचं नाव छापावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मुंबईहून सुटणाऱ्या परदेशी विमानांवर एक पानभर मजकूर आला होता. मजकूर चांगला होता, त्याबद्दल तक्रार नाही. त्याच्या जोडीला जगाचा नकाशा होता आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत एक तांबडी सरळ रेघ ओढलेली होती. ती रेघ अरबस्तानावरून निघून इजिप्त, लिबिया, अल्जीरिया, मोरोक्को ओलांडत होती आणि मग अटलांटिकवरून थेट न्यूयॉर्कला टेकत होती. माझ्या सातवीच्या वर्गातल्या एका मुलीने ते पान कापून वर्गात आणलं. तिचा काका सहारच्या विमानतळावर सामान चढवण्याच्या कामावर आहे. ती म्हणाली, "बाई, काका म्हणतो न्यूयॉर्कचं विमान वरती उत्तरेला जातं. पेपरात तर सरळ पश्चिमेला दाखवलंय. खरं कुणाचं?"

काकाचं खरं. ते मी वर्गात नुसतं सांगितलं नाही, पृथ्वीगोलावर करून दाखवलं. तेच इथे मांडते, कारण हा प्रश्न त्या एका पानापुरता नाही. आपल्या आणि इतरही वर्तमानपत्रांत, शाळांच्या भिंतींवर, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत जगाचा नकाशा छापताना तो कोणत्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याच्या कोणत्या पद्धतीने, काढला आहे हे कुठेही लिहिलेलं नसतं. माझी मागणी साधी आहे. जगाचा नकाशा छापाल तेव्हा त्याच्याखाली प्रक्षेपणाचं नाव छापा, आणि बातमी कशाबद्दल आहे ते पाहून प्रक्षेपण निवडा.

मी परळ-लालबाग भागातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीला भूगोल शिकवते. आमच्या वर्गात वापरतो तो पृथ्वीगोल ३० सेंटीमीटर व्यासाचा आहे. म्हणजे त्याचं प्रमाण साधारण सव्वाचार कोटींत एक, त्यावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे सुमारे ४२५ किलोमीटर. आम्ही शिवणाचा दोरा घेतला. एका मुलाने त्याचं टोक मुंबईवर बोटाने दाबून धरलं, दुसऱ्याने न्यूयॉर्कवर. आधी दोरा पेपरातल्या रेघेसारखा इजिप्तवरून ठेवला आणि मग सांगितलं, आता ताणा. ताण बसला तसा दोरा आपोआप वर सरकत गेला. पूर्ण ताठ झाला तेव्हा तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग यांवरून जाऊन मॉस्कोच्या अगदी जवळून निघाला होता. पुढे फिनलंड, स्वीडन, नॉर्वे. मग आइसलंडचा दक्षिण भाग, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाची हद्द, लॅब्रॅडॉर, आणि तिथून खाली न्यूयॉर्क. मुलांनी दोरा फूटपट्टीवर धरून मोजला. साडेएकोणतीस सेंटीमीटर भरला. गुणाकार फळ्यावर झाला : साडेबारा हजार किलोमीटर. पेपरातल्या रेघेच्या वाटेने गेलं तर हेच अंतर चौदा हजारांच्या वर जातं, म्हणजे दीड हजार किलोमीटरहून जास्त फेरा पडतो. इंधनाचा हिशेब करणारी कोणतीही विमान कंपनी तो फेरा पत्करणार नाही. वारे, हवाई हद्दी, युद्धाची परिस्थिती यांमुळे विमानांना या दोऱ्यापासून कमीअधिक बाजूला व्हावं लागतं, पण नियोजन सुरू होतं ते या दोऱ्यापासूनच. गोलावरच्या दोन ठिकाणांमधली जवळात जवळची वाट बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे दोन सारखे भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जाते, हे वाक्य पाठ करायला एक मिनिट लागतं. दोरा बोटाखालून सरकताना ज्याने पाहिला, त्याला ते पाठ करावं लागत नाही.

पेपरातला नकाशा खोटा होता का? नाही. तो सोळाव्या शतकातला नकाशाकार मर्केटर याच्या प्रक्षेपणावरचा होता, आणि त्या प्रक्षेपणावर सरळ रेघ म्हणजे जवळची वाट नसते, एकच दिशा धरून जाण्याची वाट असते. नकाशा बरोबर होता, त्यावर ओढलेली रेघ चुकीच्या कामासाठी ओढली होती. प्रक्षेपणाचं नाव खाली असतं तर आपल्या चित्रकाराच्याही ते लक्षात आलं असतं.

हे असं का होतं याच्या मुळाशी गेलं पाहिजे. मैदानात क्रिकेट खेळून फाटलेला रबरी चेंडू मुलं घेऊन आली. तो मधोमध कापला आणि अर्धा भाग बाकावर ठेवून सपाट करायला सांगितला. मधला भाग दाबला की कडा उचलल्या जातात, कडा दाबल्या की त्या फाटतात. फाटू द्यायचं नसेल तर रबर ताणावं लागतं. तिसरा मार्ग नाही. गोलाचा पृष्ठभाग न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही हे जर्मन गणिती गाउस याने १८२७ मध्ये सिद्ध केलं. म्हणजे यापुढे कितीही चांगला संगणक आला तरी जगाचा बिनचूक सपाट नकाशा निघणार नाही. क्षेत्रफळ, आकार, अंतर, दिशा, यांतलं काय सांभाळायचं आणि काय सोडायचं हे नकाशा काढणाऱ्याला ठरवावंच लागतं. त्याने काय ठरवलं ते वाचणाऱ्याला कळायला हवं, एवढंच माझं म्हणणं.

मर्केटरने काय ठरवलं ते पृथ्वीगोलावर मोजून दिसतं. आमच्या गोलाचं विषुववृत्त दोऱ्याने मोजलं तर सुमारे ९४ सेंटीमीटर भरतं. ६० अंश उत्तर अक्षवृत्त मोजलं तर ४७. बरोबर निम्मं. ऑस्लो, हेलसिंकी, सेंट पीटर्सबर्ग ही शहरं याच वृत्ताच्या आसपास आहेत. आता भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर पाहा, तिथे ही दोन्ही वृत्तं सारख्याच लांबीची. म्हणजे ६० अंशांवर जमीन पूर्व-पश्चिम दुपटीने ताणली गेली. नुसती आडवी ताणली असती तर देश चपटे दिसले असते, किनाऱ्याच्या वळणांचे कोन बिघडले असते. म्हणून मर्केटरने तितकीच उभीही ताणली. दुप्पट आडवी, दुप्पट उभी, म्हणजे क्षेत्रफळ चौपट. ८० अंशांवर हा ताण जवळपास पावणेसहा पटींचा होतो आणि क्षेत्रफळ तेहतीस पटींच्या घरात जातं. ध्रुव तर या नकाशावर येतच नाही, कारण तिथे ताण अनंत होतो. म्हणून अंटार्क्टिका खंड तळाशी आडव्या पांढऱ्या पट्ट्यासारखा पसरलेला दिसतो आणि मुलांना वाटतं की तो खरोखरच तसा लांबलचक आहे.

वाचकांनी आपल्या घरातला नकाशा तपासून पाहावा. विषुववृत्तापासून २० अंशांपर्यंतचं अंतर फूटपट्टीने मोजा, मग ६० ते ८० अंशांमधलं मोजा. पहिलं पाच सेंटीमीटर आणि दुसरं पंधराहून जास्त भरलं तर नकाशा मर्केटरचा आहे. पृथ्वीगोलावर मात्र हे अंतर कुठेही मोजा, सारखंच येतं. आमच्या गोलावर सव्वापाच सेंटीमीटरच्या आसपास.

याचा परिणाम मुलांच्या डोक्यात काय होतो ते मी दरवर्षी पाहते. ग्रीनलंड आणि आफ्रिका यांत मोठं कोण, असं विचारलं की वर्ग दोन तट पडल्यासारखा होतो. एका मुलाने विचारलं होतं, "बाई, ग्रीनलंड एवढा मोठा, मग तिथे माणसं किती कोटी असतील?" ग्रीनलंडची लोकसंख्या साठ हजारांच्याही आत आहे. आमच्या एकट्या एफ दक्षिण वॉर्डात त्याच्या कितीतरी पट माणसं राहतात. पण मला त्या मुलाला आकडा सांगून गप्प करायचं नव्हतं. आम्ही गोलावर ट्रेसिंग पेपर ठेवून ग्रीनलंडची कड गिरवली, कापली आणि तो तुकडा गोलावरच्या भारतावर ठेवला. तो भारतात मावला तर नाहीच नीट, कारण तो उभट आणि आपण त्रिकोणी, पण बाहेर आलेला भाग कापून उरलेल्या जागेत बसवला तेव्हा सगळा बसला आणि वर जागा शिल्लक राहिली. ग्रीनलंडचं क्षेत्रफळ सुमारे २१ लाख ६६ हजार चौरस किलोमीटर आहे, भारताचं ३२ लाख ८७ हजार. भारत त्याच्या दीडपट. आणि आफ्रिका तीन कोटी चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे ग्रीनलंडच्या चौदा पट. मर्केटरच्या नकाशावर हे दोघे जवळपास तोलामोलाचे दिसतात. उलट आपला देश विषुववृत्ताच्या जवळ असल्याने त्यावर फारसा वाढत नाही. शेजारचे उत्तरेकडचे देश फुगतात आणि आपण आहोत तिथेच राहतो. ज्या मुलाने दहा वर्षं हाच नकाशा भिंतीवर पाहिला, त्याच्या मनात कोणता देश मोठा नि कोणता किरकोळ याचं चित्र ठरून जातं, आणि ते पुढे आकडे पाठ करून पुसलं जात नाही.

हे वाचून कुणी मर्केटरला नावं ठेवू नयेत. आजकाल समाजमाध्यमांवर त्याला युरोपचा पक्षपाती ठरवणारी चित्रं फिरतात आणि मुलं ती मला दाखवतात. मला ते अन्यायाचं वाटतं. मर्केटरने १५६९ साली हा नकाशा काढला तो दर्यावर्दींसाठी, आणि तसं त्याने नकाशाच्या शीर्षकातच लिहिलं होतं. होकायंत्राची एक दिशा धरून जहाज न्यायचं असेल तर त्या नकाशावर सरळ रेघ ओढायची, तिचा उत्तरेशी होणारा कोन मोजायचा आणि तो कोन धरून सुकाणू ठेवायचं. भर समुद्रात, हलत्या जहाजावर, याहून सोपं साधन कोणतं? आजही समुद्राचे बहुतेक नकाशे याच प्रक्षेपणावर असतात. आणि हा मर्केटर स्वतः पृथ्वीगोल घडवणारा माणूस होता. १५४१ मध्ये त्याने केलेला पृथ्वीगोल प्रसिद्ध आहे. सपाट कागदावर आपण काय गमावतो आहोत हे त्याच्याइतकं त्या काळात क्वचितच कुणाला ठाऊक असेल.

आपण मुंबईकर तर रोज एक वाकडातिकडा ताणलेला नकाशा पाहतो. लोकलच्या दारावर स्थानकांची पट्टी असते. सगळी मार्गिका एका सरळ रेघेत, दोन ठिपक्यांमध्ये सारखंच अंतर. चर्नी रोडहून ग्रँट रोडला माणूस गप्पा मारत चालत जातो, भाईंदरहून नायगावला जायला अख्खी खाडी ओलांडावी लागते. पट्टीवर दोन्ही सारखी. त्याबद्दल कुणी रेल्वेकडे तक्रार करत नाही, कारण पुढचं स्थानक कोणतं एवढंच आपल्याला त्या पट्टीकडून हवं असतं आणि ते ती चोख सांगते. पण उद्या कुणी तीच पट्टी घेऊन भाईंदर-नायगाव किती अंतर आहे ते मोजायला लागला तर त्याला थांबवावं लागेल. मर्केटरच्या नकाशावर ग्रीनलंड मोजणं तसंच आहे.

मोबाइलवरचे रस्त्यांचे नकाशेही मर्केटरच्याच थोड्या बदललेल्या प्रकारावर चालतात, आणि तेही योग्यच आहे. कुलाब्यापासून दहिसरपर्यंत मुंबईचा अक्षांश जेमतेम एक तृतीयांश अंशाने बदलतो. तेवढ्यात प्रमाणात पडणारा फरक हजारात दोनचा. तो कुणाच्या डोळ्याला दिसणार नाही, आणि रस्त्यांचे काटकोन मात्र काटकोनच राहतात. शहराचा नकाशा आणि जगाचा नकाशा यांत हा मूळ फरक आहे. शहरापुरती पृथ्वी जवळपास सपाटच असते. आपल्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात गोलाध्यायात नेमकं हेच कारण दिलं आहे. परिघाचा शंभरावा भाग सपाट भासतो, पृथ्वी प्रचंड आहे, तिच्या पाठीवरचा माणूस अगदी लहान, म्हणून त्याला ती सपाट वाटते. पृथ्वीचा परीघ चाळीस हजार किलोमीटर धरला तर शंभरावा भाग चारशे किलोमीटरचा. आपली सगळी मुंबई त्यात कितीतरी वेळा मावेल. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या भास्कराचार्यांचा हा विचार आपल्या मुलांना नकाशाच्या धड्यातच भेटायला हवा.

ऑगस्ट २०२५ ची एक बातमी आपल्याकडे फारशी चर्चेत आली नाही. आफ्रिकेतल्या देशांच्या महासंघाने मर्केटरचा नकाशा शाळांतून आणि संस्थांतून बाजूला ठेवून क्षेत्रफळ राखणारा नकाशा वापरावा या मोहिमेला पाठिंबा दिला. त्यांनी पुढे केलेलं प्रक्षेपण इक्वल अर्थ या नावाचं आहे, २०१८ मध्ये तीन नकाशातज्ज्ञांनी तयार केलेलं. त्यावर प्रत्येक देशाचं क्षेत्रफळ योग्य प्रमाणात येतं आणि आकारही ओळखीचे राहतात. याआधी १९७० च्या दशकात पीटर्स यांच्या नकाशाचा बराच गाजावाजा झाला होता, आणि २०१७ मध्ये अमेरिकेत बॉस्टनच्या सरकारी शाळांनी तो वर्गात लावला. क्षेत्रफळ त्यावरही बरोबर असतं, पण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका उभ्या ओढल्यासारख्या दिसतात. मला तो वर्गासाठी पटत नाही. एका चुकीच्या चित्राच्या जागी दुसरं चुकीचं चित्र मनात बसतं. इक्वल अर्थ मी छापून वर्गात लावला आहे, आणि त्याच्या शेजारी मर्केटरचा जुना नकाशा मुद्दाम तसाच ठेवला आहे. दोन्हींवर नावं लिहिली आहेत. मुलं स्वतः तुलना करतात आणि कोणता कशासाठी ते आपसांत भांडून ठरवतात.

आता पृथ्वीगोलाबद्दल. याबाबत मनात खंत आहे आणि ती लिहिते. मी ज्या ज्या शाळांत कामानिमित्त गेले तिथे बहुतेक ठिकाणी पृथ्वीगोल आहे, पण तो कपाटात आहे. फुटेल, मुलं फिरवून फिरवून आस सैल करतील, साहित्याच्या नोंदवहीत तुटीची नोंद करावी लागेल, अशी कारणं असतात. एका शाळेत तो मुख्याध्यापकांच्या कपाटावर शोभेला होता आणि प्लास्टिकची पिशवी काढलेली नव्हती. अलीकडे वर्गात मोठे डिजिटल फलक आले. त्यावर पृथ्वी फिरताना दिसते, ढगही दिसतात, आणि मग गोल कशाला हवा असं विचारलं जातं. पण फलक सपाट आहे. त्यावर फिरणारी पृथ्वी ही सुद्धा सपाट काचेवरचं चित्रच, तिच्यावर दोरा ताणता येत नाही, ट्रेसिंग पेपर गुंडाळता येत नाही. दोन्ही हातांत धरून ध्रुवापासून विषुववृत्ताकडे बोट फिरवलं की अक्षवृत्त मोठं मोठं होत जातं हे बोटाला कळतं. आमच्या वर्गात एक मुलगा अंधुक पाहतो. भूगोलात त्याला सर्वांत जास्त कशाने मदत झाली असेल तर या गोलाने.

गोल विकत घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी सांगते. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटला सगळ्या दरांचे गोल मिळतात. स्वस्तातला प्लास्टिकचा गोल दोन अर्धगोल जोडून केलेला असतो आणि जोड विषुववृत्तावर येतो. घेण्याआधी तो जोड नीट पाहा. वरची रेखावृत्तं खालच्या रेखावृत्तांना जुळत नसतील तर तो गोल ठेवून द्या. दोन मिलिमीटरची चूक म्हणजे ३० सेंटीमीटरच्या गोलावर ८५ किलोमीटर, आणि केनियाचा वरचा भाग खालच्या भागापासून तेवढा सरकलेला असतो. दुसरं, डोंगर उठावाने दाखवलेले गोल मुलांना आवडतात, पण ते विकत घेऊ नका असं मी सांगेन. या मापाच्या गोलावर एव्हरेस्ट खऱ्या प्रमाणात दाखवायचं तर ते एका मिलिमीटरचा पाचवा भाग भरेल. आपलं कळसूबाई तर हाताला लागणारही नाही. ध्रुवांकडे पृथ्वी चपटी आहे म्हणतात तो चपटेपणासुद्धा इथे एका मिलिमीटरइतकाच येतो. पृथ्वी किती गुळगुळीत आहे हे गुळगुळीत गोलच खरेपणाने सांगतो.

आणि एक प्रयोग, जो कोणताही सपाट नकाशा करू शकणार नाही. गोल त्याच्या तिरप्या स्टँडमधून काढायचा आणि एखाद्या डब्याच्या तोंडावर ठेवायचा. मुंबई सर्वांत वर आली पाहिजे आणि उत्तर ध्रुव खऱ्या उत्तरेकडे. एकोणीस अंशांचं अक्षवृत्त करी रोड आणि परळ स्थानकांच्या मधून जातं, त्यामुळे आमच्या मुलांना त्यावर बोट ठेवताना आपण नेमके कुठे उभे आहोत ते ठाऊक असतं. असा गोल गच्चीवर उन्हात ठेवला की त्यावर सूर्याचा प्रकाश पडतो तो अगदी त्या घटकेला खऱ्या पृथ्वीवर पडतो तसाच. जानेवारीत दुपारी बाराला पाहिलं तर ब्रिटन अजून अंधारात असतं, जपानात ऊन कलतं, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मध्यरात्र उलटून गेलेली. उत्तर ध्रुवाचा भाग काळा आणि अंटार्क्टिका उजळलेला. ध्रुवावर सहा महिन्यांची रात्र हे वाक्य पुस्तकात असतं. इथे ते उन्हात दिसतं, आणि मुलं दर तासाला धावत जाऊन सावलीची कड कुठवर सरकली ते पाहून येतात. मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो तो मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस. एक दिवस सुट्टीत जातो आणि दुसरा पावसाच्या ढगांत, म्हणून आम्ही हा प्रयोग थंडीत करतो. थंडीचं स्वच्छ आकाश मुंबईत याला फार चांगलं.

शिक्षण विभागाकडे माझी एकच विनंती आहे. पृथ्वीगोल प्रत्येक वर्गात, कपाटाबाहेर, मुलांच्या हाताला येईल असा असावा, आणि हाताळून खराब झाला तर तो साहित्याच्या वापराचा भाग मानावा, तुटीचा नव्हे. खडू संपला म्हणून आपण कुणाला जाब विचारत नाही.

आपल्याकडे मागणं थोडं तपशिलात मांडते. लोकसंख्या, जंगलं, शेती, हिमनद्या, निवडणुका, कोणत्या देशात काय किती, असा विषय असेल तर क्षेत्रफळ राखणारं प्रक्षेपण घ्यावं. इक्वल अर्थ सर्वांना मोफत वापरता येतं. मुंबईहून कुठे किती अंतर, किती तासांचं उड्डाण, क्षेपणास्त्राचा पल्ला, असा विषय असेल तर मुंबई मध्यभागी धरून काढलेलं समअंतरी प्रक्षेपण घ्यावं. त्यावर मुंबईपासून निघणारी प्रत्येक सरळ रेघ खरी जवळची वाट असते आणि तिची लांबीही खरी असते. इतर ठिकाणांमधली अंतरं त्यावर बिघडतात, आणि आपल्या पायांच्या बरोबर विरुद्ध बाजूचा, पॅसिफिकमधला ईस्टर बेटाच्या उत्तरेचा एक बिंदू पसरून नकाशाची अख्खी बाहेरची कड बनतो. ते विचित्र दिसेल, पण खाली एक ओळ लिहिली की वाचकाला समजेल. संयुक्त राष्ट्रांच्या बोधचिन्हातला नकाशा याच जातीचा आहे, फक्त त्याच्या मध्यभागी उत्तर ध्रुव आहे. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळाचा मार्ग दाखवायचा असेल तर मर्केटर खुशाल वापरा, तिथे तो योग्य आहे. जगाच्या नकाशाखाली किलोमीटरची एकच प्रमाणपट्टी मात्र देऊ नका. मर्केटरवर ती विषुववृत्तापुरतीच लागू पडते आणि वाचक तिने रशिया मोजायला जातो.

भारताच्या सीमारेषा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाप्रमाणे आहेत ना, हे आपल्याकडे प्रत्येक नकाशा छापण्याआधी डोळ्यांत तेल घालून पाहिलं जातं, आणि ते पाहिलंच पाहिजे. त्याच वेळी त्याच माणसाने प्रक्षेपणाचं नावही पाहावं. जागा एका ओळीची लागते, छायाचित्राखाली छायाचित्रकाराचं नाव असतं तेवढीच. विमानांच्या त्या पानाचा दुरुस्त नकाशा आपण येत्या पुरवणीत छापलात तर तो आमच्या वर्गात लागेल, आणि त्यावरचा मार्ग मुलं दोऱ्याने पडताळून पाहतील.

आपली,
एक भूगोल शिक्षिका,
परळ, मुंबई